खवले असतील तरच बोला

पाहुण्यांना जेवायला बोलावणं ही पूर्वी सुगरणपणाची परीक्षा होती. आता ती स्मरणशक्तीची झाली आहे. धाकट्या वहिनींचा गुरुवार, आत्याची संकष्टी, मामींना कांदा-लसूण चालत नाही, मामांना कांदा चालतो पण लसूण चालत नाही, आणि भाच्याने परवाच दूध सोडलंय. एक काका पक्के शाकाहारी. त्यांना फक्त रस्सा चालतो, फोडी तेवढ्या बाजूला काढायच्या. अंड्याचं तर विचारूच नका. ते केकमध्ये शाकाहारी असतं आणि ताटात आलं की मांसाहारी होतं. बटाटा, मिरची, शेंगदाणा ही मंडळी मूळची अमेरिका खंडातली, पण उपासाच्या ताटात त्यांना मान. आणि इथे हजारो वर्षं पिकणाऱ्या तांदळाला मात्र त्या दिवशी उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागतं.

अशा मुलखात वाढलेल्या माणसाला कुणी सांगितलं की ज्यू लोकांचे खाण्याचे नियम फार किचकट असतात, तर त्याला घाम फुटण्याचं काही कारण नाही. तो एवढंच विचारेल, ‘बरं, चहा चालतो ना?’ या प्रश्नाचं उत्तर जरा अवघड आहे. त्याकडे यथावकाश येऊ.

धर्मशास्त्राला मान्य असलेलं अन्न ते कोशर. ते समजून घ्यायला न्यूयॉर्कचं तिकीट काढावं लागत नाही, अलिबागची एसटी पुरते. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक गलबत फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली, अशी बेने इस्रायल या ज्यू समाजाची परंपरागत कथा आहे. ही मंडळी कोकणात स्थिरावली, तेलाचे घाणे चालवू लागली, मराठी बोलू लागली. गावांवरून त्यांना पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर अशी आडनावं पडली. शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. शतकं लोटली. ग्रंथ हरवले, हिब्रू विसरली, प्रार्थनेतलं एक ‘शेमा’ तेवढं ओठांवर राहिलं.

मग डेव्हिड रहाबी नावाचे विद्वान आले. हे खरंच ज्यू आहेत का, असा त्यांना प्रश्न पडला. आता एखाद्या पंडिताने काय केलं असतं? वंशावळ मागितली असती, पोथीतलं काही म्हणून दाखवा म्हणाला असता. रहाबींनी, असं सांगतात, बायकांपुढे मासळीची पाटी ठेवली आणि म्हणाले, हे शिजवा. बायकांनी पर आणि खवले असलेली, म्हणजे शास्त्राला चालणारी, मासळी घेतली, बाकीची बाजूला सारली. ही आम्ही खात नाही, म्हणाल्या. झालं, समाज पास! पुरुषांना एकही प्रश्न विचारला गेला नाही, हे विशेष. अवघ्या समाजाच्या धर्माचा निकाल रांधपाच्या बायकांनी मासे निवडून लावला. पोथी वाळवी खाते, पण ‘हे आपल्यात चालत नाही’ असं म्हणणारी आजी कुठल्याच वाळवीला दाद देत नाही.

त्या आजीचीच एक नात म्हणाव्यात अशा एक बेने इस्रायल काकू ठाण्यात आमच्या ओळखीच्या आहेत. त्यांच्याबरोबर मासळी बाजारात जाणं हा एक शैक्षणिक अनुभव असतो.

‘ये गो ताय, कोलबी बघ कशी हाय! आत्ताच उतरलीय.’

‘कोळंबी नको, मावशी.’

‘मंग चिंबोरी ने. भरलेली हाय.’

‘तीही नको.’

‘माकुल? तिसऱ्या? बरं, मोरी तरी घे.’

‘मोरीला खवले आहेत का?’

‘मोरीला कुटं असतात खवलं?’

‘मग नको. ते पापलेट दाखव. असं नाही, उजेडात धर.’

‘ताय, तू मासं घ्याला आलीस का मुलगी पसंत कराला?’

काकू हसत नाहीत. त्या पापलेटच्या शेपटीजवळ अंगठ्याचं नख लावून एक बारीकसा खवला उचलतात. खवला सुटला पाहिजे आणि कातडी फाटता कामा नये. फाटली तर तो शास्त्राच्या हिशेबी खवलाच नव्हे. नखावर चिकटलेला तो चकचकीत ठिपका त्या उन्हात धरून बघतात आणि मगच भावाचा विषय काढतात. सोलून, तुकडे पाडून ठेवलेला मासा त्या बघतही नाहीत, कारण कातडीच नाही तर ओळख पटवायची कशावरून? शेवटची सूचना ठरलेली: ‘कोयता धुऊन घे गो, आत्ता त्यावर कोळंबी होती.’ मावशी कोयता धुते, तोंडाने काहीतरी पुटपुटते, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हीच गोष्ट कौतुकाने सांगते.

मासळीचं हे त्या मानाने सोपं. मटणाला अटी जास्त. जनावराचे खूर दुभंगलेले हवेत आणि ते रवंथ करणारंही हवं. डुकराचे खूर ठीक, पण रवंथ नाही. उंट रवंथ करतो, पण खुरांत नापास. ठाण्यात उंटाचा प्रश्न सहसा उद्भवत नाही, पण शास्त्र हे सगळ्या शक्यता धरून लिहिलेलं असतं. बकरा दोन्ही विषयांत उत्तीर्ण होतो आणि त्याची शिक्षा भोगतो.

तो कापायचा कुणी, तर शोहेतने, म्हणजे त्याचं रीतसर शिक्षण घेतलेल्या माणसाने. त्याच्या सुरीला केसाएवढीही खाच चालत नाही. कापण्याआधी तो धार नखावरून फिरवून बघतो आणि कापल्यावर पुन्हा बघतो. नंतर खाच सापडली तर सगळं जनावर बाद. शोहेत नसेल त्या गावी मटणाचा बेत नाही; मासळी करा, वालाचं बिरडं करा. बिरडं हे या समाजाचं इतकं लाडकं की जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुखवट्याच्या दिवसाला कोकणात नाव पडलं बिरड्याचा सण. दुखवट्यालाही पदार्थाच्या नावाने ओळखणारा समाज मराठी नसेल तर कोण असेल?

मटण घरी आलं म्हणजे लगेच कुकर लावायचा असं नाही. आधी अर्धा तास पाण्यात, मग जाड्या मिठात घोळवून तासभर तिरक्या फळीवर, म्हणजे रक्त निथळून जातं. मग तीनदा धुवायचं. काळजाला मिठाने भागत नाही, त्यात रक्त फार. ते सरळ विस्तवावर भाजायचं. एवढं होईतो शेजारच्या घरात मटण शिजून, जेवणं आटोपून, माणसं घोरायला लागलेली असतात. नवीन सुनेला काकूंचा पहिला उपदेश हाच असतो: ‘रश्श्यात मीठ टाकण्याआधी चव बघ, बाई. मटणाने आपलं आपण खाल्लेलं असतं.’ अंड्याचंही तसंच. सरळ तव्यावर फोडायचं नाही. आधी वाटीत फोडायचं, रक्ताचा ठिपका दिसला तर टाकून द्यायचं. सहा अंड्यांचं ऑम्लेट करताना सहा वेळा श्वास रोखला जातो.

आता चहा. करडाला त्याच्याच आईच्या दुधात शिजवायला तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात, मनाई आहे, आणि ती एकदा नाही, तीनदा आली आहे. आपण म्हटलं असतं, लिहिणाऱ्याच्या हातून पुनरुक्ती झाली. रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी, म्हटलं, छे, तीनदा म्हणजे तीन मनाया: मांस आणि दूध एकत्र शिजवायचं नाही, खायचं नाही आणि त्यातून फायदाही घ्यायचा नाही. म्हणजे दह्यात मुरवलेलं मटण गेलं, लोणी घातलेली कोंबडी गेली, बिर्याणीवरचं साजूक तूप गेलं. आणि एकत्र नाही म्हणजे एका ताटात नाही इतकंच नव्हे. मांस खाल्ल्यावर दुधाला हात लावण्याआधी बहुतेक परंपरांत सहा तास थांबायचं असतं. जर्मन ज्यूंच्या रिवाजात तीन तास पुरतात आणि डच रिवाजात एकच. रविवारी दुपारी दीडला मटण हाणलेल्या मराठी माणसाचं चार वाजता काय होत असेल, याची कल्पना करा. दुधाचा चहा साडेसातला! चहाबाजाने पुढचा जन्म मागायचाच तर डच ज्यू घराण्यात मागावा. काकू चार वाजता लिंबू पिळून कोरा चहा घेतात आणि तोच कसा पाचक असतो हे घड्याळाकडे बघत सांगतात.

या एका नियमाने पश्चिमेकडच्या कारखान्यांना केवढं कामाला लावलं आहे! बिनदुधाचं लोणी, बिनदुधाची साय, बिनदुधाचं आइस्क्रीम, सगळं रसायनशास्त्र पणाला. कोकणात हा प्रश्न परसातल्या माडाने कधीच सोडवला होता. मटणाच्या कालवणात नारळाचं दूध, कोंबडीच्या कालवणात नारळाचं दूध, आणि नव्या वर्षाला, म्हणजे नव्याच्या सणाला, गव्हाचा चीक काढून केलेल्या हलव्यातही नारळाचंच दूध. म्हणजे मटणावर ताव मारून हलव्याची वडी लगेच तोंडात टाकता येते, शास्त्रही खूश आणि जीभही. प्रेषित एलियाहू हन्नाबींच्या नावाने मलिदा होतो, त्यात पोहे, गूळ आणि ओलं खोबरं. माडाला कल्पवृक्ष म्हणणाऱ्यांनी कोशरचा विचार केला नसेल, पण म्हटलं ते बरोबरच.

नारळाच्या दुधावरून एक शास्त्रार्थ आठवतो. युरोपातले ज्यू मांसाबरोबर बदामाचं दूध वापरत. दूध वनस्पतीचं, म्हणजे पाप काहीच नाही. पण बघणाऱ्याला ते गाईचं वाटलं तर? म्हणून पंडितांनी सांगून ठेवलं की ताटाशेजारी चार बदाम दिसतील असे ठेवा. ‘लोक काय म्हणतील’ या विचाराला आपल्याकडे घराघरात मान आहे, पण त्याला शास्त्रात रीतसर कलम देण्याचं काम ज्यूंनी केलं. कोकणात तेवढीही गरज नाही. मटणात दूध दिसलं की ते नारळाचंच, हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं.

मांस आणि दूध वेगळं ठेवायचं म्हणजे भांडीही वेगळी आली. काही घरांत ओटेही दोन आणि मोऱ्याही दोन. बहुतेक ठिकाणी मांसाला लाल खूण, दुधाला निळी. यावर सोवळ्या-ओवळ्यात वाढलेल्या आपल्या आज्या म्हणाल्या असत्या, ‘यात काय विशेष?’ स्टीलच्या भांड्यावर नाव कोरायची आपल्याकडे पद्धत आहेच. काकूंनी पातेली कोरायला दिली तेव्हा दुकानदाराने सवयीने विचारलं, ‘काय घालू? कोणाकडून, कोणाला?’ काकू म्हणाल्या, ‘यावर मटण, त्यावर दूध.’ दुकानदार मशीन हातात धरून बराच वेळ काकूंकडे बघत होता. चिरंजीव आणि सौभाग्यकांक्षिणी कोरण्यात त्याचा जन्म गेला होता.

चुकून एकाचं दुसऱ्यात गेलं, तर प्रत्येक भांड्याचा न्याय वेगळा. धातूच्या पातेल्याला उकळत्या पाण्यात बुडवून शुद्ध करता येतं. विस्तवावर थेट वापरलेल्या सळ्या लाल होईतो तापवाव्या लागतात. मातीच्या मडक्याला मात्र माफी नाही. ते रस शोषून घेतं आणि सोडत नाही, म्हणून फोडायचं. काच काही शोषतच नाही म्हणून सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या ज्यू, पंडितांनी तिला निर्दोष सोडलं. मध्य आणि पूर्व युरोपातल्या अश्केनाझींनी जामीन नाकारला. काकूंच्या कपाटात काचेची ताटं जास्त का, याचं उत्तर सौंदर्यदृष्टीत नाही, कायद्यात आहे.

पण खरी करमणूक किराणा दुकानात. काकू चष्मा कपाळावरून नाकावर आणतात आणि पाकिटाची मागची बाजू वाचायला लागतात. मागे रांग वाढते. आपण पाकिटावर फक्त दोन गोष्टी वाचतो, किंमत आणि एकावर एक फुकट. त्या वाचतात जिलेटिन, जे बहुधा जनावरांच्या हाडाकातड्यांतून येतं. ई-१२० हा लाल रंग, जो किडे वाटून करतात. ई-४७१, जो वनस्पतीचा असेल तर ठीक आणि चरबीचा असेल तर नाही. आपल्याकडचा हिरवा ठिपका त्यांना अर्ध्या वाटेपर्यंत सोबत करतो: मांसमच्छी नाही एवढी हमी देतो, पण दूध आहे का, हे सांगत नाही. अमेरिकेत यासाठी गोलात ‘यू’ अक्षर काढलेली खूण चालते, ऑर्थोडॉक्स युनियन या संस्थेची. १९२३ साली ती हाइन्झ कंपनीच्या डबाबंद शाकाहारी घेवड्यावर आली. आज तीच खूण निर्यात होणाऱ्या भारतीय मालाच्या पाकिटांवरही दिसते, आणि घेणाऱ्याला वाटतं, हा कंपनीचा काहीतरी शिक्का असेल.

या वाचनवेडाने कोका-कोलालाही सोडलं नाही. जगातलं सर्वांत जपलेलं गुपित म्हणजे त्या पेयाची कृती. अटलांटाचे रब्बी टोबायस गेफेन यांना लोक विचारू लागले, ‘हे प्यायलेलं चालतं का?’ गुपित न फोडण्याच्या बोलीवर कंपनीने त्यांना यादी दाखवली. तीत जनावराच्या चरबीपासून काढलेलं ग्लिसरीन निघालं. प्रमाण अगदी नगण्य, पण जाणूनबुजून घातलेलं. म्हणून रब्बी म्हणाले, नाही. आणि कंपनीने ते बदलून वनस्पतिजन्य ग्लिसरीन वापरलं! १९३५ साली रब्बींनी परवानगीचा निर्णय लिहिला, त्यातही घटकांना टोपणनावं दिली. शब्द पाळला, धर्मही पाळला. मोठमोठी सरकारं ज्या कंपनीला हलवू शकली नसती, तिला ‘आमच्यात चालत नाही’ या तीन शब्दांनी कृती बदलायला लावली. रहाबींच्या पाटीपुढे बसलेल्या बायकांना हे कळलं असतं तर त्यांना मुळीच नवल वाटलं नसतं.

वल्हांडणाच्या, म्हणजे पेसाहच्या, आठवड्यात हे प्रकरण टिपेला पोचतं. गहू, जव वगैरे पाच धान्यांचं आंबलेलं काहीही घरात ठेवायचं नाही. पाव, बिस्किटं तर समजली. पण काकू हिंगाची डबीही बाहेर काढतात, कारण बांधणीच्या हिंगात मैदा असतो. कोकणातली तांदळाची भाकरी मात्र त्यांना चालते. युरोपातल्या अश्केनाझींनी स्वतःला तांदूळही वर्ज्य करून घेतला. सेफार्दी घरांत सणाआधी तांदूळ तीन-तीनदा निवडतात, न जाणो गव्हाचा एखादा दाणा असेल. तांदूळ निवडण्याच्या कामात मराठी बाईला कुणी नवं शिकवू नये; खडे काढता काढता तिने पिढ्यानपिढ्या शेजारणींची लग्नंही जमवली आहेत.

सणाच्या आदल्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात घरभर आंबलेल्याचा शोध घेतात, पिसाने कोपरे झाडतात. पण घर तर आठवडाभर घासून लख्ख केलेलं! शोधून काहीच मिळालं नाही तर विधी फुकट जायचा. म्हणून आधी पावाचे दहा तुकडे मुद्दाम लपवून ठेवायचा रिवाज आहे. स्वतःच लपवायचे, स्वतःच शोधायचे आणि सकाळी जाळायचे. लपवलेल्यांपैकी नऊच सापडले की मग त्या घरात काय शोध सुरू होतो, ते बघण्यासारखं असतं. ज्यांच्याकडे गोदामभर माल आहे त्यांनी काय जाळायचं? ते माल परधर्मीयाला विकतात, रीतसर करार करून, आणि सण संपला की परत घेतात. इस्रायल सरकारही आपला साठा असाच विकतं. अनेक वर्षं तो जेरुसलेमजवळच्या अबू घोष गावातले एक अरब गृहस्थ विकत घेत असत. म्हणजे त्या आठवड्यात सरकारी कोठारांतलं पीठ कागदोपत्री एका माणसाचं.

पालेभाजीत तरी सुख असेल असं वाटतं. नाही. किडा खाणं हे डुकराच्या मांसाहूनही जास्त कलमांखाली येतं. आपण भोकं पडलेल्या पालकाला सेंद्रिय म्हणून दुप्पट पैसे मोजतो. तिकडे पानं दिव्याच्या पेटीवर ठेवून खालून उजेड सोडून तपासतात. आणि २००४ साली न्यूयॉर्कमध्ये कहर झाला. तिथल्या नळाच्या पाण्यात कोपेपॉड नावाचे सूक्ष्म जीव असतात हे चर्चेत आलं. जीव निरुपद्रवी, पण वर्ग कोणता? कवचधारी. कोळंबीचे दूरचे नातेवाईक! शहरातल्या अनेक सनातनी ज्यू घरांत नळांना गाळण्या बसल्या. ठाण्याच्या बाजारात जिला नाकारलं, ती न्यूयॉर्कच्या नळातून घरात शिरली होती.

सगळेच असे काटेकोर असतात, असं नाही. घरी कोशर आणि बाहेर मात्र चायनीज, असे ज्यू अमेरिकेत भरपूर. श्रावणात घरी कांदा न आणणारी आणि ऑफिसच्या पार्टीत बिर्याणीच्या रांगेत पुढे असणारी आपली मंडळी त्यांना लगेच ओळखतील. नियम देवाने केले, पण पळवाटा माणसाने स्वतःच्या हिमतीवर शोधल्या. तरीही पाळणाऱ्यांकडे बघून एक जाणवतं. हा माणूस ताटावर बसण्याआधी जेवणाबद्दल इतके प्रश्न विचारून बसलेला असतो की कुठलाच घास त्याच्या तोंडात नकळत जात नाही. आपल्याला जेवणानंतर पाच मिनिटांनी विचारलं, भाजी कसली होती, तर आपण बायकोकडे बघतो.

काकूंची बहीण इस्रायलला असते. तिथे मटण दुकानातूनच मिठात घालून, धुऊन येतं, पाकिटापाकिटावर शिक्का असतो, तपासायला काही उरतच नाही. बहिणीला करमत नाही. फोनवर म्हणाली, ‘इथे बाजारात भांडायलासुद्धा कुणी नाही गं.’

एकदा धीर करून काकूंना विचारलंच, इतक्या वर्षांत एकदाही कोळंबी खावीशी वाटली नाही? काकूंनी चष्मा कपाळावर चढवला.

‘अरे, आम्ही खात नाही तरी तिचा भाव बघ काय आहे. आम्हीपण खायला लागलो असतो, तर तुम्हाला मिळाली असती का?’